सायप्रिनसमधला तांदूळ

तुळशीचं लग्न होऊन चारच दिवस झाले होते. दुपारी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करत बसले होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन.

"अक्का, गिऱ्हाईक मासा परत घेऊन आलंय. आत तांदूळ हाय म्हणतंय."

"भात खाऊन मेला असंल," मी म्हटलं.

तो हसला नाही. तेव्हा कळलं की प्रकरण साधं नाही.

भावाचं तळं बेळगावजवळच्या खानापूरच्या अलीकडे. तळं आपलं म्हणायला. मुळात वीटभट्टीसाठी माती काढून झालेला खड्डा. खानापूरची माती विटा-कौलांना चांगली, त्यामुळे आमच्या भागात असे खड्डे जागोजाग, आणि पाऊस असा की एका हंगामात काठोकाठ भरतात. चार वर्षांपूर्वी त्यानं त्यात मासे सोडले. कटला, रोहू, थोडे मृगळ आणि सगळ्यांत जास्त सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, कारण तो कसल्याही पाण्यात तग धरतो, तळाचा चिखल उकरून खातो आणि वर्षात किलोच्या आसपास जातो. खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगपेंड, शिवाय पाणी हिरवं व्हायला शेण. माल बराचसा काठावरच खपतो, उरलेला बेळगावच्या बाजारात. इथं मान गोव्या-कारवारकडच्या समुद्राच्या मासळीला. गोड्या पाण्यातल्या माशाला लोक आधीच नाक मुरडतात. त्यात "आत किडे आहेत" एवढं एक वाक्य सुटलं की वर्षाची मेहनत पाण्यात.

मी बेळगावातल्या शहापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं काम करते. रक्त, लघवी, शौच, थुंकी. माशातलं मला खाण्यापुरतंच कळतं. पण घरात मायक्रोस्कोपला डोळा लावणारी मी एकटी, म्हणून "अक्काला दाखवू" हे ठरलेलंच.

संध्याकाळच्या बसनं थर्माकोलचा खोका आला. वर बर्फ, खाली तीन सायप्रिनस आणि एक मरळ. मरळ तळ्यात कुणी सोडली नव्हती; पावसात ओढ्यानं आपणच आली होती आणि भाव चांगला येतो म्हणून भावानं राहू दिली होती. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, खवले काढले, पाठीच्या काट्यालगत सुरी घालून मांसाचा एक लांब तुकडा सोडवला. दिव्याखाली धरला तर गिऱ्हाईक खोटं बोललं नव्हतं. मांसाच्या धाग्यांच्या दिशेनं पांढरे दाणे आडवे पडले होते. आमच्याकडची लांब बासमती नव्हे, कणी. दोन-तीन मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत सात मोजले.

मला पहिली आठवण झाली डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या, वर्गातल्या डुकराच्या मांसाची. पट्टकृमीच्या अळ्या मांसात अशाच तांदळासारख्या दिसतात, हे आम्हाला परीक्षेपुरतं पाठ होतं. भावाला लगेच फोन लावला, "टेपवर्म वाटतंय. उद्यापासून विकू नको." निम्मं बरोबर होतं. न विकण्याचं.

रात्री साडेआठला पुन्हा लॅबमध्ये गेले. रिकाम्या लॅबला स्पिरिटचा वास जास्त येतो. स्लाइडवर सलाइनचा एक थेंब घेतला, एक दाणा त्यात ठेवला आणि दोन सुया घेऊन फाडला. आतून अळी निघेल म्हणून सावध होते. निघालं दूध. दाणा फुटला तसा पांढरा ढग सलाइनमध्ये पसरला आणि मागं राहिली एक पातळ रिकामी पिशवी. कव्हरस्लिप टाकली, चाळीसच्या लेन्सवर नेलं.

ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. सगळं क्षेत्र एकाच साच्यातून काढल्यासारख्या अंडाकृती दाण्यांनी भरलेलं, हजारोंनी. प्रत्येकाच्या एका टोकाला दोन चकचकीत थेंब, पाण्याच्या थेंबासारखे निमुळते, तोंडं एकमेकांकडे झुकलेली. एखादा प्राणी तुमच्याकडे दोन डोळ्यांनी बघतोय असं वाटावं. काही दाणे प्रवाहात कुशीवर वळले की भिंगासारखे चपटे दिसत आणि मधोमध एक शिवण दिसे, दोन वाट्या जोडून डबी करावी तशी.

पट्टकृमी नव्हता, एवढं नक्की. मग कुणाची अंडी? माझ्याकडे डोळ्याच्या लेन्समध्ये बसवायची मोजपट्टी होती, पण ती कुठल्या कपाटात हे सकाळपाळीच्या पोरीलाच ठाऊक. म्हणून बोटाला टोचून स्वतःच्या रक्ताचा एक कण त्याच स्लाइडच्या कडेला सोडला. माणसाची तांबडी पेशी साधारण सात-साडेसात मायक्रॉन. हे दाणे तिच्याहून थोडे मोठे, दहाच्या आसपास. जंतांची अंडी एवढी बारकी नसतात; पट्टकृमीचं अंडं तीस-चाळीस मायक्रॉनचं असतं. मग सवयीनं आयोडीनचा थेंब सोडला. शौचाच्या नमुन्यात अमिबाची पुटी ओळखायला आम्ही रोज लुगॉल वापरतो, ते ग्लायकोजेनला तपकिरी करतं. इथंही झालं. दोन थेंबांच्या खाली, दाण्याच्या पोटात, एक गोल तपकिरी ठिपका उमटला.

दोन थेंब, एक तपकिरी ठिपका, दोन वाट्यांची शिवण. एवढी लक्षणं घेऊन शोधायला बसलं की नाव लपत नाही. रात्री अकराच्या सुमारास ते सापडलं: मिक्सोबोलस. जंत नव्हे, अंडी नव्हेत. मिक्सोझोआ नावाच्या अतिसूक्ष्म परजीवींचे बीजाणू. पांढरा दाणा म्हणजे बीजाणू तयार करणारी पिशवी, आणि ते दूध म्हणजे पिकलेलं पीक.

मी खूश. इतकी खूश की मरळ न बघताच फ्रीजमध्ये ढकलली आणि भावाला सांगून टाकलं की सगळ्यांत एकच रोग आहे.

चूक वैनीनं पकडली. ती रविवारी आली होती, मरळ तिनंच कापायला घेतली. "अक्का, ह्यातलं पिवळं हाय. त्यातलं पांढरं होतं." मी म्हटलं, जुनं झालं की पिवळं पडत असेल. ती म्हणाली, "आणि हे गोल हाय." मग गप्प बसून बघावंच लागलं. मरळीच्या शेपटीकडच्या मांसात पिवळट, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी होत्या. एक सोडवली आणि सुईनं फाडली. दूध नाही. आत काहीतरी घडी घालून बसलेलं.

मासा दोन दिवस बर्फात आणि फ्रीजमध्ये होता, त्यामुळे मेलं असेल असं धरून चालले होते. तरी वॉटरबाथमध्ये सदतीस अंशांवर सलाइन ठेवलं आणि ते त्यात टाकलं. पाच मिनिटांनी डोकावले तर ते उलगडलं होतं. पानासारखा चपटा, अर्ध्या सेंटिमीटरचा जीव; लांब होतो, आखडतो, पुन्हा लांब होतो. पुढच्या टोकाला एक बारीक तोंड, त्याच्या खाली पोटावर भलामोठा गोल चूषक. वैनीनं "अगाई" म्हणून हात मागं घेतला आणि लगेच पुन्हा पुढं वाकली. आम्ही दोघी अर्धा तास त्याच्याकडे बघत होतो. जेवायला उशीर झाला म्हणून घरचे ओरडले.

माशाच्या मांसात "तांदूळ" दिसला की पहिला प्रश्न रंगाचाही नाही, आकाराचाही नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पहिला प्रश्न: फाडल्यावर दूध निघतं का जीव निघतो? जीव निघाला तर चपट्या कृमीची अळी, नाहीतर गोल जंताची. मरळीत लाल, वेटोळं घातलेली युस्ट्राँजिलिडिसची अळीही सापडते आणि ती तर नुसत्या डोळ्यांनीच दिसते. दूध निघालं तर मायक्रोस्कोप हवाच. दोन थेंबवाला मिक्सोबोलस. एकच थेंब असेल तर त्याचा भाऊबंद थेलोहॅनेलस. दोन थेंब आणि मागं दोन लांब शेपट्या असतील तर दुसरा भाऊबंद, हेनेगुया. चार थेंब असले तर कुडोआ, पण ती समुद्राच्या माशांची गोष्ट, आणि तिची मोठी खोड म्हणजे मासा मेल्यावर मांस पाणी पाणी करून टाकते. थेंब दिसतच नाहीत, दाणे तीन-चार मायक्रॉनचे आणि एका टोकाला नुसती पोकळी दिसते, तर मायक्रोस्पोरिडिया, म्हणजे वेगळ्याच कुळातले बारीक परजीवी. एवढं एका कागदावर लिहून मी लॅबच्या भिंतीला चिकटवलं. आमच्या डॉक्टरांनी वाचून विचारलं, "हे कुठल्या पेशंटचं?"

पण माझं लेबल घेऊन भावाला काही करता येईना. जातीचं नाव हवं, कागद हवा. गिऱ्हाइकांना सांगायला आणि उद्या बीजवाल्याशी, म्हणजे माशांची पिल्लं विकणाऱ्याशी, भांडायला.

इथून रखडपट्टी सुरू झाली. सरकारी कचेरीत अर्ज कन्नडमध्ये. माझं कन्नड बाजारहाट आणि बसपुरतं. लॅबमधल्या मैत्रिणीनं तो भरून दिला. साहेब चांगले होते, पण त्यांच्याकडे मायक्रोस्कोप नव्हता. त्यांनी सांगितलं, नमुना मत्स्यविज्ञान महाविद्यालयात पाठवा. कर्नाटकाचं मंगळुरूला, महाराष्ट्राचं रत्नागिरीजवळ शिरगावला, दोन्ही किनाऱ्यावर, आणि आम्ही मधे घाटावर. मासा जिवंत पाठवता येईना, बर्फावर पाठवला तर पोचेपर्यंत काय होईल सांगता येईना. शेवटी मी माझ्या शहाणपणानं केलं ते केलं. माणसाची बायोप्सी जशी पाठवतो तसे मांसाचे तुकडे दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवले, बरण्या नीट सील केल्या, नाव-गाव-तारीख लिहून धाडल्या.

बारा दिवसांनी फोन आला. पलीकडच्या मॅडम माशांचे रोगच बघणाऱ्या. पहिलंच वाक्य, "तुम्ही हिस्टॉलॉजीसाठी, म्हणजे पातळ छेद घेऊन बघायला, उत्तम पाठवलंय." मग पुढचं, "पण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटून जातो. मला जातीपर्यंत जायचं तर अल्कोहोल हवं, पंच्याण्णव टक्के. आणि बीजाणूंची मापं मला ताज्या मालावर हवीत. फॉर्मॅलिननं ते आक्रसतात." अठरा वर्षांत एकदाही माझा नमुना परत आला नव्हता. आला तो माशाचा.

दुसऱ्या खेपेला सगळं त्यांना विचारून केलं. भावानं जाळं ओढलं, बारा सायप्रिनस, आठ रोहू, सहा कटला आणि पाच मरळी काढल्या. या वेळी सगळे मासे लॅबमध्येच आले, रविवारी, दार लावून. दिव्यावर बघण्याचं तंत्र मॅडमनी सांगितलं होतं: मांसाची जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची पातळ फाक करायची आणि खालून उजेड सोडायचा. शेजारच्या सेंटरमधून एक्स-रे बघायचा जुना दिव्याचा खोका मागून आणला. त्यावर काच, काचेवर फाक, वरून दुसरी काच दाबली. मांस मेणबत्तीसारखं उजळतं आणि त्यात जे असतं त्याची सावली पडते. मिक्सोबोलसच्या पिशव्या राखाडी, धाग्यांबरोबर लांबलेल्या. मरळीतल्या गाठी गोल, कडा ठळक, आणि आत पिळा पडलेला दिसे. सुरीनं कापून जेवढे दाणे सापडत त्याच्या दुप्पट दिव्यावर सापडले.

मोजणी झाली: बारांपैकी नऊ सायप्रिनस दाणेवाले, रोहू आणि कटला अगदी स्वच्छ. पाचांपैकी तीन मरळींत पिवळी गाठ. मरळीतला दाणा सायप्रिनसमध्ये नाही, सायप्रिनसमधला मरळीत नाही. एकाच पाण्यात दोन वेगळे पाहुणे.

मापं घ्यायला मॅडमनी निदान पंचवीस-तीस बीजाणू मोजायला सांगितले होते. मी पन्नास मोजले, अपमान भरून काढायला. लांबी, रुंदी, दोन्ही थेंबांची लांबी, सगळं समोरून दिसणाऱ्या बीजाणूंचं. कुशीवर वळलेला मोजायचा नाही. मग त्यांनी फोनवरून विचारलं, "तुमच्याकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे?" म्हटलं, असणारच, नखांची आणि कातडीची बुरशी बघायला रोज लागतं. "सोडा एक थेंब कडेनं." सोडला. काही क्षण काहीच नाही. मग एका बीजाणूच्या टोकातून केसाहून बारीक तार सटकन बाहेर पडली, बीजाणूच्या कितीतरी पट लांब. मग दुसऱ्यातून. त्या थेंबांच्या आत ही तार गुंडाळून ठेवलेली असते, स्प्रिंगसारखी. मॅडम म्हणाल्या, जेलीफिशच्या डंखाची पेशी अशीच असते, आणि ते नुसतं साम्य नाही; हे परजीवी जेलीफिशच्याच कुळातले, झिजत झिजत काही पेशींपुरते उरलेले. त्यांच्यातल्या एकानं, सामन माशाच्या मांसात राहणाऱ्या हेनेगुयानं, तर मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा करणाऱ्या भागाचा, डीएनएच टाकून दिलाय. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. ऑक्सिजनवर श्वास न घेणारा प्राणी. मी हे भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या बीजवाल्यासारखा. काय बी न करता जगतंय."

अल्कोहोलच्या बाटल्या पाठवणं हा वेगळाच वैताग. कुरिअरवाल्यानं वास घेतला आणि ज्वालाग्राही म्हणून परत दिल्या. शेवटी एका ओळखीच्या मुलाला किनाऱ्याकडे जायचं होतं, त्याच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत त्या गेल्या.

उत्तर यायला सात आठवडे लागले. दरम्यान फॉर्मॅलिनवाल्या पहिल्या तुकड्यांचे छेद तयार झाले होते, त्यांचे फोटो आले. एक स्नायूचा धागा आणि धाग्याच्या आतच ती लांब पिशवी, दोन्ही बाजूंना उरलेला स्नायू भिंतीसारखा ताणलेला. माझी चूक अगदीच फुकट गेली नव्हती म्हणायची. मरळीतल्या कृमीला मॅडमनी कार्मिननं रंगवलं होतं. आतड्याच्या दोन्ही नळ्यांना बाजूला फांद्या फुटल्यात का ते बघायचं असतं; फांद्या असत्या तर युक्लिनोस्टोमम, जो आपल्याकडच्या मरळीत ओळखीचा आहे. नव्हत्या. म्हणून क्लिनोस्टोमम. मासेवाले जगभर ज्याला पिवळा किडा म्हणतात तो.

मिक्सोबोलसच्या बाबतीत मात्र कागदावर शेवटी लिहून आलं: मिक्सोबोलस, जात निश्चित नाही. अठरा एस नावाच्या जनुकाचा तुकडा वाचला, जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिला, जवळचे नातेवाईक सापडले, नेमका तोच नाही. या एका वंशात नऊशेहून जास्त जातींची वर्णनं झालीत, तरी आमच्या खड्ड्यातल्याचं नाव त्यांत बसेना. भाऊ निराश झाला. "एवढं करून नाव न्हाई?" मला उलट बरं वाटलं. न जुळणाऱ्याला जुळलं म्हणून लिहिणारे रिपोर्ट मी बरेच पाहिलेत.

आणि नाव अर्धं असलं तरी कामापुरतं होतं. मिक्सोबोलस माशातून माशात थेट जात नाही. हे लोकांना फार वर्षं कळत नव्हतं. माशातले बीजाणू दुसऱ्या माशाला चारून बघत आणि काही होत नसे. १९८४ मध्ये अमेरिकेत वुल्फ आणि मार्किव्ह यांनी ट्राउट माशाच्या अशाच परजीवीवर दाखवून दिलं की मधे एक गांडूळवर्गी कृमी लागतो, ट्युबिफेक्स. बीजाणू चिखलात पडतो, ट्युबिफेक्स तो गिळतो, त्याच्या आत तो पूर्ण वेगळं रूप घेतो आणि त्या नव्या रूपात पाण्यात सुटून माशाच्या कातडीत घुसतो. मी भावाला विचारलं, तळाशी तांबडे केसासारखे किडे आहेत का? उत्तर वैनीनं दिलं. "शेण टाकतो त्या कोपऱ्यात. शेपट्या वर करून हलत असत्यात, गालिचा घातल्यागत." भाऊ चार वर्षं शेणाची पाटी एकाच कोपऱ्यात पालथी करत होता, कारण तिथंच रस्ता जवळ. ट्युबिफेक्सला याहून चांगलं घर आपण ठरवून बांधलं असतं तरी जमलं नसतं. आणि त्या चिखलात तोंड खुपसून दिवसभर फिरणारा सायप्रिनस.

क्लिनोस्टोममची वाट वेगळी. त्याचा मोठा कृमी बगळ्या-ढोकरीच्या घशात राहतो. अंडी पाण्यात पडतात, तिथून गोगलगायीत, गोगलगायीतून पोहणारी अळी निघून माशात, मासा बगळ्यानं खाल्ला की परत घशात. तळ्याच्या एका बाजूला कमळाचे वेल आणि गवत माजलेलं, पानांच्या खालच्या अंगाला गोगलगायी. बाभळीवर संध्याकाळी बगळ्यांची शाळा. बगळ्यांना हात लावायचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि कायदा नसता तरी किती उडवणार?

मांसात बसलेल्या या दोघांवर तळ्यात टाकायचं खात्रीचं औषध नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. औषधांच्या दुकानात मात्र तीन वेगवेगळ्या बाटल्या हसतमुखानं पुढं आल्या होत्या.

खाण्याचं विचाराल तर, मिक्सोबोलस माणसाला लागत नाही. मासे खाणाऱ्यांच्या शौचाच्या नमुन्यात असे बीजाणू सापडल्याच्या नोंदी आहेत, पण ते नुसते इकडून आत, तिकडून बाहेर. हे वाचल्यापासून मला एक अस्वस्थ शंका आहे की अठरा वर्षांत मी असं काहीतरी बघून "यीस्ट" म्हणून लिहून टाकलं असेल. क्लिनोस्टोमम कच्चा मासा खाल्ला तर माणसाच्या घशाला चिकटतो. जपान-कोरियात असे रुग्ण झालेत. आमच्याकडे मासा कच्चा कोण खातोय? आमटीला चांगली उकळी फुटली की दोन्ही संपले. तरी भावानं दाणेवाला सायप्रिनस विकला नाही. कटला आणि रोहू विकले, दोन-दोन मासे गिऱ्हाइकासमोर कापून दाखवून. पहिला मासा परत आणणारा माणूसच तीन किलो रोहू घेऊन गेला. तांदळाचं काय निघालं, हेही त्यानं विचारलं नाही. भाव कमी केला का एवढंच विचारलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मोटर लावून तळं उपसलं. आठ दिवसांत तळाला भेगा पडायला लागल्या. शेणाच्या कोपऱ्यातला काळा गाळ दीड हात खोल निघाला. ट्रॅक्टरनं काढून लांब टाकला. ओल असतानाच कळीचा चुना फेकला, तो फसफसत होता तेव्हा सगळी पोरं लांब उभी. वैनीनं गोगलगायी वेचून दोन बादल्या भरल्या. शेण आता कुजवून, पातळ करून, तळंभर थोडं थोडं टाकायचं ठरलंय. वरून जाळी लावायचा खर्च भावाला पटलेला नाही. तो वाद अजून चालू आहे.

जूनमध्ये बीज आणायला मीही गेले. प्रत्येक पिशवीतल्या दहा बोटुकल्या मारून बघणार म्हटल्यावर बीजवाला उखडला. "पंधरा वर्षं बीज विकुलोय, असलं गिऱ्हाईक बघितलं न्हाई." भावानं शांतपणे सांगितलं, मेलेल्या दहांचे पैसे देतो. सायप्रिनस या वर्षी एकही घेतला नाही.

त्यानं आता एका बंद पडलेल्या शाळेचा जुना मायक्रोस्कोप दोन हजारांत उचललाय. आरसा फुटका, चाळीसची लेन्स बरी आहे. भिंतीवरच्या माझ्या कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असतो. परवा रात्री दहाला व्हिडिओ कॉल आला; त्यानं मोबाइल आयपीसला लावून धरला होता आणि आवाज घाबरलेला.

"अक्का, बघ की. एकच डोळा हाय ह्याला. थेलो काय ते म्हंतीस, तेच न्हवं?"

मी चष्मा लावून नीट बघितलं. काळी जाड कड, आत लख्ख उजेड, अगदी गोल.

"कव्हरस्लिप तिरकी धरून हळू टाक," मी म्हटलं. "तो हवेचा बुडबुडा आहे."